शहर आधी येतं, हद्द मागून येते

मंडळी, या वीकांताचा विषय आहे हद्दवाढ. शब्द वाचूनच निम्म्या लोकांनी टॅब बंद केला असेल. साहजिक आहे. पेपरात 'समाविष्ट गावे' असा मथळा दिसला की आपण थेट शेवटच्या पानावर, क्रिकेटकडे वळतो. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्यात फ्लॅट घेतलेल्या (किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या) माणसाने हा विषय टाळून चालत नाही. तुमच्या नळाला पाणी येतं की गेटवर टँकर येतो, तुमचा मिळकतकर किती, रस्त्यावर दिवा कोणी लावायचा आणि तो बंद पडला तर शिव्या कोणाला घालायच्या, हे सगळं नकाशावरच्या एका रेघेवर ठरतं. ही रेघ कधी, कोणी आणि का सरकवली त्याचा हा धावता इतिहास.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. 'शहर वाढलं म्हणून हद्द वाढली' हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं. पण या दोन घटनांच्या मधे जो काळ जातो, दहा वर्षं, वीस वर्षं, कधी त्याहून जास्त, खरी गोष्ट त्या काळात घडते.

भांबुर्डे, हिंगणे वगैरे

आज ज्याला आपण 'अस्सल पुणं' म्हणतो त्यातला बराचसा भाग एके काळी गावच होता. शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे. कर्वेनगर म्हणजे हिंगणे बुद्रुक, जिथे धोंडो केशव कर्व्यांनी गावाबाहेर, माळावर आपली संस्था नेली. एरंडवणे, पर्वती, कोथरूड, सगळी मुळातली गावं. पेठांमधल्या माणसाला तेव्हा नदीपलीकडे राहायला जाणं म्हणजे वनवास वाटायचा. आज त्याच 'वनवासात' वन बीएचकेचं भाडं ऐकून आपल्याला घाम फुटतो, ते सोडा.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली. त्याआधी पुण्यात पुणे शहर नगरपालिका आणि पुणे उपनगर नगरपालिका अशा दोन वेगळ्या नगरपालिका होत्या. त्या एकत्र केल्या, आसपासचा ग्रामीण भाग जोडला आणि महापालिका तयार झाली. पुणे आणि खडकी ही दोन कॅन्टोन्मेंट मात्र वेगळीच राहिली. म्हणजे महापालिकेचा जन्मच मुळी विलीनीकरणातून झालेला आहे. त्याच वर्षी मुंबईतही हेच चाललं होतं. १९५० मध्ये मुंबईची हद्द साष्टीतल्या उपनगरांपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये थेट दहिसर आणि मुलुंडपर्यंत.

पुण्यात पुढे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आला. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, हजारो कुटुंबांना नवी घरं द्यावी लागली आणि सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. मात्र ही वाढ बऱ्याच अंशी महापालिकेच्या हद्दीत होती. तिथे जागा होती, आणि नवी वस्ती कुठे करायची ते सरकार ठरवत होतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं उलटं होतं.

याच काळात शेजारी एक वेगळा प्रयोग झाला. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून स्वतंत्र नगरपालिका झाली. कारखाने होते, जकात होती, पैसा होता. पुण्यात विलीन होण्याऐवजी या गावांनी स्वतःचंच शहर केलं आणि १९८२ मध्ये ती महानगरपालिका झाली. म्हणजे गावाने मोठ्या शहरात जायलाच हवं असा काही निसर्गनियम नाही. खिशात उत्पन्न असेल तर गाव स्वतः शहर होऊ शकतं. अट फक्त ती एकच, आणि ती फार थोड्यांना पूर्ण करता येते.

रेघेच्या पलीकडचा स्वस्त माळ

ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुण्याच्या हद्दीबाहेर जे झालं ते समजायला थोडं गणित लागतं. घाबरू नका, शाळेतलंच आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेतजमिनीचे फार छोटे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला. पण शहराच्या कडेला एकरभर शेतीतून मिळणारं उत्पन्न आणि तीच जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकून मिळणारा पैसा यांची तुलनाच होत नव्हती. मग एक गुंठा, दोन गुंठे अशी जमीन स्टँपपेपरवर विकली जाऊ लागली. घेणारा कोण? कारखान्यातला कामगार, रिक्षावाला, शाळेतला शिपाई. ज्याला हद्दीच्या आत काहीच परवडत नव्हतं असा माणूस. कायद्याच्या नजरेत हे बेकायदा होतं, पण प्रमाण एवढं वाढलं की २००१ मध्ये सरकारला ते नियमित करण्यासाठी खास गुंठेवारीचा कायदा आणावा लागला.

दुसरीकडे बिल्डर होते. हद्दीबाहेर जमीन स्वस्त होती. मालावर महापालिकेची जकात नव्हती. ग्रामपंचायतीची घरपट्टी किरकोळ होती. जमीन बिगरशेती करायला जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागे, पण महापालिकेच्या बांधकाम खात्याच्या मानाने ते प्रकरण सुटसुटीत होतं. आणि विकताना जाहिरात मात्र 'पुण्यापासून दहा मिनिटांवर'. (ही दहा मिनिटं कोणत्या वाहनाने आणि रात्री किती वाजता, हे अजून कोणाला कळलेलं नाही.)

आता ग्रामपंचायतीच्या बाजूने बघा. दोन-चार हजार वस्तीसाठी बनलेली संस्था. एक ग्रामसेवक, एखादी विहीर, एक टाकी. तिच्या हद्दीत अचानक बारा मजली इमारती उगवतात. सांडपाण्याची वाहिनी नाही, म्हणून ते ओढ्यात. कचऱ्याची गाडी नाही, म्हणून तो रस्त्याकडेला. विकास आराखडाच नाही, म्हणून शाळेला, बागेला, दवाखान्याला जागा राखलेलीच नाही. रस्ता म्हणजे दोन शेतांमधला जुना बैलगाडीचा मार्ग, त्यावरच डांबर. आजही उपनगरातले कित्येक रस्ते विनाकारण काटकोनात का वळतात याचं उत्तर अनेकदा यात सापडतं. तिथे शेताचा बांध होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोड आधी प्रॉडक्शनमध्ये गेला आणि डिझाइन डॉक्युमेंट लिहायला पुढे दुसऱ्याच टीमला बसवलं.

१९९७: अडतीस आत, पंधरा बाहेर

सप्टेंबर १९९७ मध्ये राज्य सरकारने एका झटक्यात ३८ गावं पुणे महापालिकेत घेतली. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमध्येही वाकड, रावेत, पुनावळे यांच्यासह बरीच गावं गेली. पुण्याची हद्द तोपर्यंत सुमारे १४६ चौरस किलोमीटर होती.

विरोध लगेच सुरू झाला. करवाढ हे उघड कारण होतं. पण त्याच्या खाली इतर कारणं होती आणि ती समजून न घेता गावकऱ्यांना 'विकासविरोधी' म्हणून मोकळं होणं हा आपला शहरी आळस आहे. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत बरखास्त होते. सरपंच जातो, ग्रामसभा जाते. गायरान आणि पंचायतीच्या इतर जागा महापालिकेकडे जातात. ज्या गावात अकरा-पंधरा लोक निवडून येत होते, तिथे आता तीन-चार गावं मिळून एक-दोन नगरसेवक. ग्रामीण भागासाठीच्या सरकारी योजना बंद. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे आरक्षण. विकास आराखडा आला की आपल्या शेतावर बाग पडेल, रस्ता पडेल, मग ती जमीन धड कसताही येणार नाही आणि विकताही येणार नाही.

२००१ मध्ये सरकारने माघार घेतली. १५ गावं पूर्ण वगळली, काही अंशतः वगळली आणि २३ राहिली. तेव्हा शहराचं क्षेत्र साधारण २४४ चौरस किलोमीटर झालं. बाणेर, बालेवाडी, खराडी हे आज आपल्या ऑफिसांचे पत्ते झालेले भाग तेव्हाच आत आले आणि राहिले.

पण गंमत पुढे आहे. आत राहिलेल्या २३ गावांचा विकास आराखडा करताना टेकड्यांचं काय करायचं यावर घोडं अडलं. टेकड्या आणि टेकडीउतारांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखायची असा प्रस्ताव होता. पर्यावरणवाले एका बाजूला, जमीनमालक दुसऱ्या बाजूला, मधे मोबदल्याचा प्रश्न. या आरक्षणावर सरकारची मोहोर उमटली २०१५ साली. गावं आली १९९७ मध्ये. मधली अठरा वर्षं त्या भागात बांधकामं काही थांबली नव्हती.

आणि वगळलेली गावं? ती वगळल्याने शहर तिथे जायचं थांबलं का? मुळीच नाही. उलट तिथे आणखी वीस वर्षं आराखड्याशिवाय वाढ झाली. हद्द मागे घेतली, शहर पुढेच गेलं.

सगळ्यांचा हातभार

हे फक्त पुण्याचं दुखणं नाही. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली तेव्हा २७ गावं तिच्यात होती. २००२ मध्ये ती बाहेर काढली. २०१५ मध्ये परत आत घेतली. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर काढली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एखादी फाइल इतक्या वेळा चेक-इन चेक-आउट झाली तर आपण रिपॉझिटरीच लॉक करतो :-)

दुसरं टोक कोल्हापूर. तिथे १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. पुढची पन्नास वर्षं त्यात एका इंचाचीही भर पडली नाही. प्रस्ताव आले, मोर्चे निघाले, शहराने बंद पाळला, गावांनीही पाळला. शेवटी २०१७ मध्ये सरकारने मधला मार्ग म्हणून ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण केलं. शहराच्या कडेची उचगाव, पाचगाव, कळंबा ही गावं डोळ्यांना शहरच दिसतात, पण कागदावर गावं. तिथल्या शेतकऱ्याला हद्दवाढ म्हणजे जमीन जाण्याची भीती वाटते, तर शहरातल्या माणसाला वाटतं की ही मंडळी आमच्या बसमधून फिरतात, आमच्या बाजारात येतात आणि कर मात्र देत नाहीत. दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून तर प्रश्न सुटत नाही.

सरकारं बदलली म्हणून यात फरक पडला असंही नाही. पुण्यात १९९७ ची वाढ युतीच्या काळात, २००१ ची माघार आघाडीच्या काळात. २०१७ ची वाढ भाजप-शिवसेनेच्या काळात, २०२१ ची महाविकास आघाडीच्या. एवढं सर्वपक्षीय सातत्य दुसऱ्या कुठल्या धोरणात शोधून सापडणार नाही.

रेघ कोण ओढतं?

कायदा काय म्हणतो? १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार हद्द बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा. महापालिकेशी सल्लामसलत करायची, प्रारूप अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि अंतिम अधिसूचना काढायची. गावाचं मतदान? नाही. ग्रामसभेने 'नको' असा ठराव केला तर? तो फाइलला लागतो. '७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीला घटनात्मक दर्जा मिळाला' हे आपण नागरिकशास्त्रात घोकलं. पण ती पंचायत शहराला लागून असेल तर एका अधिसूचनेने विसर्जित होऊ शकते, हे त्या धड्यात नव्हतं.

ऑनसाइट गेलेल्या मित्रांसाठी एक तुलना. अमेरिकेत शहरांच्या बाहेर, कुठल्याही नगरपालिकेत नसलेली अशी बरीच वस्ती असते. टेक्सासमधल्या शहरांना अशी वस्ती रहिवाशांच्या संमतीशिवाय जोडून घ्यायचा अधिकार दीर्घकाळ होता. ह्यूस्टनने १९९६ मध्ये किंगवूड नावाची मोठी वसाहत तिथल्या लोकांचा कडवा विरोध असताना जोडून घेतली. त्यावरून एवढं रान उठलं की १९९९ मध्ये कायदा बदलला आणि मोठी वस्ती जोडायची तर आधी काही वर्षं आराखडा जाहीर करणं भाग पडलं. २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी तर बहुतेक ठिकाणी रहिवाशांची संमतीच आवश्यक केली. आता तिथली शहरं तक्रार करतात की आमचे रस्ते आणि सोयी वापरणारे लोक आमच्यात यायला तयार नाहीत. म्हणजे पुन्हा कोल्हापूरच की! संमती मागितली तर शहर अडकतं, नाही मागितली तर गाव चिरडलं जातं. यावर रामबाण उपाय कोणाकडेच नाही.

पुढचा अंक: ११, २३ आणि उणे २

पुण्याकडे परत येऊ. २०१४ मध्ये ३४ गावं घेण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि रखडली. शेवटी गावांतलीच कृती समिती उच्च न्यायालयात गेली. नीट वाचा, 'आम्हाला घेऊ नका' म्हणून नव्हे, 'आम्हाला घ्या' म्हणून. कारण वीस वर्षांत गावाची रचनाच बदलली होती. शेतकरी अल्पसंख्य आणि फ्लॅटवाले बहुसंख्य झाले होते. सरकारने न्यायालयात सांगितलं की ११ गावं लगेच घेतो, २३ टप्प्याटप्प्याने. त्यानुसार ऑक्टोबर २०१७ मध्ये उंड्री, धायरी, आंबेगाव, फुरसुंगी, उरुळी देवाची वगैरे ११ गावं आली. ३० जून २०२१ ला वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला वगैरे २३ आली. शहराचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं आणि पुणं क्षेत्रफळात मुंबईपेक्षा मोठं झाल्याच्या बातम्या आल्या. आपल्याला केवढा आनंद! मुंबईपेक्षा मोठं!

पण लगेच जुलै २०२१ मध्ये त्या २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार महापालिकेऐवजी पीएमआरडीएकडे (म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिले गेले. याचा अर्थ काय? पाणी, कचरा, दिवे, झाडलोट महापालिकेची. इमारतीला परवानगी देणं आणि त्याचं विकास शुल्क घेणं प्राधिकरणाचं. बांधकाम परवानगीचा पैसा एकदाच मिळतो, आणि तो चांगला घसघशीत असतो. सेवेचा खर्च मात्र कायमचा. ज्याच्या हातात पहिला पैसा त्याच्या गळ्यात दुसरा खर्च नाही, अशी रचना केल्यावर काय होणार हे सांगायला एमबीए लागत नाही.

मिळकतकराचं म्हणाल तर कायद्यात बऱ्यापैकी विचार केलेला आहे. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दरानेच कर, मग तो दरवर्षी टप्प्याने वाढवत शहराच्या दराला न्यायचा. कागदावर शहाणपणाचं. पण त्यात गृहीत असं धरलंय की कराबरोबर सेवाही टप्प्याटप्प्याने वाढतील. कराचं वेळापत्रक कायद्यात लिहिलेलं आहे. सेवेचं वेळापत्रक कुठेच लिहिलेलं नाही.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं दुखणं तर आणखी जुनं. शहरात येण्याच्या कितीतरी आधीपासून ही गावं पुण्याचा कचरा सांभाळत होती. कचरा डेपोमुळे विहिरींचं पाणी गेलं, आंदोलनं झाली, आश्वासनं झाली. २०१७ मध्ये गावं शहरात आली, करआकारणी आली, गोदामवाले आणि व्यावसायिक भडकले. सप्टेंबर २०२४ मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. हद्दीच्या बाहेर असताना शहराचा कचरा, आत असताना शहराचा कर, आणि आता पुन्हा बाहेर.

विहिरीचं पाणी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गीयाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसची साथ आली. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांतलं बळ जातं, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. एरवी तुरळक दिसणाऱ्या या आजाराचे काही आठवड्यांत दोनशेहून अधिक निश्चित आणि संशयित रुग्ण नोंदले गेले आणि काही मृत्यूही झाले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो.

रुग्णांची गर्दी कुठे होती? सिंहगड रस्त्यावर. धायरी, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला. वरची यादी पुन्हा बघा. धायरी २०१७ ची, बाकीची २०२१ ची. या पट्ट्यात बऱ्याच भागाला नांदेड गावातल्या एका मोठ्या विहिरीतून पाणी जात होतं. धरणाचं पाणी विहिरीत यायचं, त्यात जंतुनाशक टाकायचं आणि वाटायचं. गाळणी-शुद्धीकरणाचा प्रकल्प तिथे नव्हता. तो करू, अशा घोषणा साथीनंतर झाल्या.

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं. तेव्हापासून या गावाच्या दारातलं पाणी पुण्याला जातंय. गावाला पुण्यात यायला १४२ वर्षं लागली. आणि आल्यानंतरही शुद्ध पाणी पाइपातून खाली शहराकडे गेलं, धरणाच्या पायथ्याशी राहणारे मात्र विहिरीच्या पाण्यावर राहिले.

आणि तक्रार करायची कोणाकडे? ग्रामपंचायत जून २०२१ मध्ये संपली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे या २३ गावांत जवळपास साडेचार वर्षं ना सरपंच होता, ना त्यांनी निवडून दिलेला नगरसेवक. जीबीएसची साथ आली ती नेमकी याच पोकळीत. सरपंच असता तर साथ आली नसती असं मी म्हणत नाही. पण रोज सकाळी ज्याच्या दारात जाऊन 'पाण्याला वास येतोय' असं ओरडता येतं असा एक माणूस असणं, ही लोकशाहीतली सगळ्यात स्वस्त मॉनिटरिंग सिस्टिम आहे. आपण ती बंद केली आणि तिच्या जागी काहीच बसवलं नाही.

आणि आपण हिंजवडीकर

'आपला काय संबंध' म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. हिंजवडीचं आयटी पार्क अजूनही कुठल्याच महापालिकेत नाही. जमीन एमआयडीसीची, आसपासचं नियोजन पीएमआरडीएचं, गावठाण ग्रामपंचायतीचं, रस्ते यातल्या कोणाचे तरी. २०१५ मध्ये हिंजवडी, माण, मारुंजी, गहुंजे वगैरे सात गावं घेण्याचा ठराव पिंपरी-चिंचवड महापालिकेने केला होता. २०२५ च्या पावसाळ्यात तिथे रस्त्यांवर पाणी तुंबलं, गाड्या अडकल्या आणि आयटीतल्या लोकांनी सह्यांची मोहीम काढून मागणी केली की आम्हाला महापालिकेत घ्या. हे वळण मजेशीर आहे. १९९७ मध्ये शहर गावाच्या मागे लागलं होतं आणि गाव पळत होतं. आता गावात कामाला येणारेच शहराला बोलावतायत.

माझं मत विचाराल तर हिंजवडीने शहरात जावं. पाच मालकांपेक्षा एक बरा, निदान शिव्या कुठे पाठवायच्या ते कळतं. पण वरचा सगळा इतिहास वाचल्यावर नुसतं 'विलीन करा' म्हणून सही ठोकणं पुरेसं नाही. मागणी क्रमाची हवी. अधिसूचनेच्या आधी पाणी आणि सांडपाण्याचा आराखडा, त्यातल्या तारखा आणि पैशाच्या तरतुदीसकट. नियोजन आणि सेवा एकाच संस्थेकडे. कर वाढण्याचा टप्पा सेवा येण्याच्या टप्प्याला जोडलेला. आणि ग्रामपंचायत ज्या दिवशी संपेल त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्या भागाची निवडणूक. यातली एकही गोष्ट अशक्य नाही. फक्त ती सही करण्याआधी मागायची असते, कारण अधिसूचना निघाल्यावर आपल्या हातात काही उरत नाही.

आणि ही मागणी करताना माणचा आणि मारुंजीचा शेतकरीही सोबत हवा. त्याच्या जमिनीवर आरक्षण पडणार आहे आणि आपल्याला रस्ता मिळणार आहे. त्याला विचारल्याशिवाय आपली सोय पाहिली, तर अधिसूचना काढणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

तुम्ही ज्या भागात राहता तो कोणत्या साली हद्दीत आला ते माहितीये का? नसेल तर या वीकांताला शोधा. मग विकास आराखडा कधी मंजूर झाला ते शोधा, आणि पाण्याची मुख्य वाहिनी कधी आली तेही. या तीन सालांची वजाबाकी केली की तुमच्या सोसायटीच्या टँकरच्या बिलाचा अर्थ लागेल.

असो. बराच कीस पाडला. पुढच्या वीकांताला काहीतरी हलकंफुलकं.